लॉगिनपुढे उखाणा

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी जळगावात एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयात होतो. क्लासच्या मालकाने भंगारात काढलेला एक लॅपटॉप मी मागून गावातल्याच मेहरूण भागातल्या घरी आणला. वजनाला पाट्याइतका. त्यात विंडोज होतं, पण ते सुरू होईपर्यंत आईची भाकरी थापून, भाजून ताटात यायची.

मला नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा क्लास काढायचा होता. खोली आबांची, म्हणजे वडिलांची. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आबा ती खोली एका बी-बियाणेवाल्याला गोडाऊन म्हणून द्यायला निघाले होते. "ह्या डब्यावर कोन शिकनार?" हा त्यांचा प्रश्न. मी तडकून म्हणालो, "कोणीही शिकेल. आईसुद्धा शिकेल!" आबांनी चष्मा काढला. "तुना मायले जमनं तं पुढली खोली तुनी. पन येत्या रविवारी, भाऊंसमोर. आन तू हात लावाना नही."

भाऊ म्हणजे शेजारचे निवृत्त मास्तर. आमच्या गल्लीत दोन गायींची टक्कर झाली तरी निकाल तेच द्यायचे.

विंडोजच्या भरवशावर रविवार निघाला नसता. धुळ्याला इंजिनिअरिंग करणारा एक मित्र म्हणाला, लिनक्सची एक हलकी आवृत्ती आहे, चार फ्लॉप्यांत मावते आणि असल्या म्हाताऱ्या मशीनवरही पळते. मी एसटीने धुळ्याला जाऊन फ्लॉप्या आणल्या. तिसरी खराब निघाली. परत धुळे. या खेपेला चौथी खराब. पुन्हा धुळे. कंडक्टरही तोच. त्याने तिकीट फाडता फाडता विचारलं, "धुळ्याले पोरगी पाहेल शे का?"

अखेर लिनक्स बसलं आणि एका मिनिटात सुरू झालं. मी आनंदाने ओरडलो. चित्र नाही, माउस नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. आबा वाकून म्हणाले, "हाई काय शे? पाटी शे का?"

आई सातवी शिकलेली, आणि इंग्रजी अक्षरं तिला आमचा अभ्यास घेता घेता पाठ झालेली. चार दुपारी मी तिला शिकवलं. मी मशीन उघडून द्यायचो, ती पुढे ओळ लिहायची आणि साठवायची. तिला भराभर यायला लागलं. शनिवारी मला आणखी अक्कल सुचली. हे मशीन उघडताना नाव विचारतं, तर आबांना खूश करायला मी त्यात आबांचं नाव घातलं. आईला फक्त पासवर्ड सांगितला. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी भाऊ आले. आईने हात धुतले, पदराला पुसले आणि बटण दाबलं. पडद्यावर लॉगिन आलं.

"आता नाव टाक," मी म्हणालो.

"कोनाचं?"

"आबांचं."

आईने हात मागे घेतला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. रेशनच्या दुकानातसुद्धा तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, कार्डावर बोट ठेवलं होतं. "मी त्यास्नं नाव लेत नही," ती म्हणाली. हे मला, तिच्या पोटच्या पोराला, सुचू नये?

"अगं, घ्यायचं नाही, टाइप करायचं आहे!"

"एकच ते."

भाऊंनी तोडगा काढला. "उखान्यात ले. उखान्यात चालस."

आई खुलली. एकेक अक्षर शोधत, इंग्रजी लिपीत, तिने सावकाश उखाणा उतरवला: मेहरूणच्या तळ्यावर उतरली लाली, अमुकरावांच्या घरी आज मशीनची स्वारी आली. मशीनने पासवर्ड विचारला. आईने तोही दिला. मशीन म्हणालं, लॉगिन इनकरेक्ट.

"काय म्हनस?" भाऊंनी विचारलं.

"चूक आहे म्हणतंय."

"उखान्यात कोठे चूक शे?" भाऊ भडकले. तीस वर्षं त्यांनी व्याकरण शिकवलं होतं. आईने दुसरा उखाणा घातला, केळीच्या घडाचा. तोही इनकरेक्ट. आबा गालात हसत होते आणि मला पुढच्या खोलीत बियाण्यांची पोती दिसायला लागली होती.

तेवढ्यात आई म्हणाली, "ह्याच्यात मन्हं नाव चालत नही का?"

भाऊंनी निकाल दिला: नाव मी घालून द्यायचं, बाकीचं तिने. मी झडप घातली आणि रेशनकार्डावरचं आईचं नाव लिहायला लागलो.

"ते नही," आई म्हणाली आणि तिने एक वेगळंच नाव सांगितलं. मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते तिचं पहूरचं नाव होतं, माहेरचं. आम्हाला माहीत असलेलं नाव लग्नात आबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं. त्याआधीची आई कोणी वेगळी होती, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. मला फार लाज वाटली. आबांचं हसू गेलं होतं.

मी ते मशीनमध्ये घालून दिलं; आईने लॉगिनपुढे ते टाकलं, पासवर्ड दिला आणि मशीन उघडलं. मग तिने ओळ लिहिली: खोली पोराले देवानी. भाऊंनी ती मोठ्याने वाचली आणि उठून चहा मागितला.

खोली मला मिळाली. त्याच संध्याकाळी मी माझ्याच अकलेवर चिडून आबांचं नाव मशीनमधून काढून टाकलं. महिनाभराने, क्लासला दुपारची सुट्टी असताना, आबा खोलीत आले. त्यांना पालिकेला पाण्याबद्दल अर्ज लिहायचा होता.

"मन्हं नाव कोठे गयं?"

"काढलं. आईच्या नावानेच उघडतं."

आबांनी आईला कधीच नावाने हाक मारली नव्हती. "ऐकती का" एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. त्यांनी चष्मा लावला आणि लॉगिनपुढे एक बोट धरलं. मग पहूरचं ते नाव अक्षरं जुळवण्यासाठी एकदा सबंध, स्पष्ट म्हणाले.

आतून आईने ओ दिली.