बारावं मत

कुठल्याही निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुकादम सर तलावाला एक फेरी मारून येत. परत येऊन अभ्यासिकेच्या पायरीवर चपला काढता काढता म्हणत, "आज फार गर्दी होती." दोनच्या उन्हात तलावाकाठी कुत्रंही नसे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "कुणाची गर्दी, सर?" ते म्हणाले, "हरलेल्यांना पडलेल्या मतांची. जिंकलेल्याची मतं त्याच्या घरी जातात. बाकीच्यांनी कुठे जायचं? भटकतात बिचारी." हे सांगताना ते हसले असते तर मीही हसले असते. ते हसले नाहीत.

सर खरं तर शिक्षक नव्हते. पनवेलच्या एका शाळेत ते कारकून होते, पण सगळं गाव त्यांना सरच म्हणे. नोकरीत असताना त्यांना पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीवर पाठवत. तिथे मतदार शिक्का मारत नाही, उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला तर मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. सर स्वतः मॅट्रिक, त्यामुळे त्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. "मला मत नाही," ते म्हणत, "पण मत चालताना मी पाहिलंय. एकदा पाहिलं की शिक्क्याची निवडणूक बघवत नाही, पोरी. जिवंत पुरल्यासारखं वाटतं."

मी पनवेलजवळच्या विचुंब्याची. आमच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं. दिवसा मी एका कपड्याच्या दुकानात कामाला होते, बी.ए. बाहेरून करत होते, आणि संध्याकाळी सहा ते नऊ तलावाजवळच्या अभ्यासिकेत बसत होते. घराण्यात आधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. ती तीन तासांची खुर्ची हेच माझं कॉलेज.

अभ्यासिकेला पाच जणांची समिती होती. पूर्वी प्रत्येक सभासदाला पाच मतं असत. शहरातले सभासद थोडे जास्त, गावांकडचे थोडे कमी, आणि पाचही जागा दर वेळी शहराच्या. सरांनी सभेत उभं राहून विचारलं होतं, "सत्तरात तीस म्हणजे पाचात किती? चौथीतल्या पोराला विचारा. दोन! मग हे दोघं गेले कुठे?" तीन वर्षं ते हेच विचारत राहिले. शेवटी अध्यक्ष कर्णिककाका वैतागून म्हणाले, "घ्या तुमची पसंतीची पद्धत, मुकादम, पण मोजायचं तुम्हीच." त्या वर्षापासून गावांकडचे दोघं समितीत येऊ लागले.

सरांची मोजणी बघायला मुलं अभ्यास सोडून येत. टेबलाशी ते एक खुर्ची रिकामी ठेवत आणि तिच्यावर कुणाला बसू देत नसत. उमेदवार बाद झाला की त्याच्या गठ्ठ्यातली एकेक मतपत्रिका दोन्ही हातांनी उचलत, आजारी माणसाला धरून न्यावं तसे हळू चालत दुसऱ्या गठ्ठ्याकडे नेत आणि पुटपुटत, "चला, पुढचं घर." खोलीत पंख्याचाही आवाज नको म्हणून ते पंखा बंद करायला लावत.

एका वर्षी मत दिल्यावर आणि मोजणीच्या आधी एक वयस्क सभासद वारले. कर्णिककाका म्हणाले, "मेलेल्या माणसाचं मत कसं धरायचं?" सर म्हणाले, "दिलं तेव्हा श्वास चालू होता ना? मग मत जिवंत आहे." गठ्ठ्यात त्या सभासदाचं मत कुठलं, हे कुणालाच कळणार नव्हतं. त्या दिवशी सरांना मदत करताना प्रत्येक मतपत्रिका हातात घेतली की मला वाटत होतं, हेच असेल.

एका बाबतीत मात्र सर दयामाया दाखवत नसत. मत जांभळ्या पेनानेच लिहायचं, दुसरी शाई दिसली की बाद. दिनेशने, आमच्याच विचुंब्याच्या मुलाने, एकदा वाद घातला, "सर, शाईनं काय बिघडतंय? आमी काय परीक्षा देतो हाय का?" सर म्हणाले, "शाई ओळखू आली की माणूस ओळखू येतो. माणूस ओळखू आला की त्याला भीती वाटते. घाबरलेलं मत खोटं बोलतं, बाबा."

मग ती निवडणूक आली. अभ्यासिका सहा वाजता बंद करायचा ठराव नव्या समितीपुढे येणार होता. विजेचं बिल, बाहेरची मुलं, अशी कारणं होती. कर्णिककाकांच्या बाजूचे तीन आले तर माझी खुर्ची गेली. आमच्या बाजूचे तीन आले, म्हणजे नेहमीच्या दोघांबरोबर दिनेशही आला, तर ती राहिली. सर तेव्हा दवाखान्यात होते. मोजणी मी करायची, असं त्यांनीच कळवलं होतं आणि कर्णिककाकांनी ते मान्य केलं होतं.

सरांची मतपत्रिका घेऊन मी दुपारी दवाखान्यात गेले. त्यांनी मला आणि त्यांच्या बायकोला, चाचींना, बाहेर उभं केलं. पाच मिनिटांनी बंद पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, "नीट मोज. घाई करू नकोस." तिसऱ्या दिवशी, मोजणीच्या सकाळी, ते गेले. दुपारी त्यांना पोचवून आम्ही तसेच अभ्यासिकेत आलो. तारीख पुढे ढकलू या, असं कुणीच म्हणालं नाही.

एकाहत्तर मतपत्रिका होत्या. पहिलं काम बाद मतं वेगळी करण्याचं. तिसावी की एकतिसावी पत्रिका उलगडली आणि माझा हात थांबला. निळी शाई. दिनेशच्या नावापुढे १, खाली काळजीपूर्वक २, ३, ४, ५. सकाळी गेलेल्या माणसाची इच्छा टेबलावर पडली होती, आणि तिला दवाखान्याच्या औषधाचा वास येत होता. त्याच क्षणी मला आठवलं, मी त्यांना पाकीट दिलं होतं. जांभळं पेन माझ्याच पिशवीत राहिलं होतं.

"सरांचं हाय," दिनेश माझ्या खांद्यावरून म्हणाला. "सरांचं मत फेकणार काय तू? आजच्या दिवशी?"

कर्णिककाका माझ्याकडे बघत नव्हते, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

मी पत्रिकेवर 'बाद' लिहिलं आणि ती बाद मतांच्या पाकिटात घालून पाकीट बंद केलं.

उरली सत्तर. बारा मतं मिळाली की निवडून येणार. चार जण आले, दोन त्यांचे, दोन आमचे. पाचव्या जागेसाठी दोघं उरले, दिनेश आणि त्यांचा एक. मी दिनेशचा गठ्ठा मोजला. बारा. कर्णिककाका म्हणाले, "मी मोजतो." त्यांनी मोजला. अकरा. मी परत मोजला, एकेक पत्रिका टेबलावर ठेवत, आकडा मोठ्याने म्हणत. बारा. खोलीत कुणी हललं नाही. पंखा बंद होता, तरी वरच्या पत्रिकेचा कोपरा उचलला गेला आणि परत बसला. बाद मताचं पाकीट माझ्या कोपराखाली बंद होतं.

"पोरी," कर्णिककाका अगदी हळू म्हणाले, "तू सांगशील तो आकडा मी लिहितो."

मी डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा मोजलं. प्रत्येक जांभळा आकडा नीट बघून. अकरा. समोरच्याचीही अकरा. बरोबरी झाली तर पहिल्या फेरीत ज्याची मतं जास्त तो निवडून येतो, हा नियम सरांनीच लिहिलेला होता. तो दिनेश नव्हता.

सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी चाचींकडे गेले आणि पेनाचं सगळं सांगून टाकलं. चाची दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं, बेटा. तू जिना उतरलीस आणि म्हणाले, पोर पेन विसरली. मी म्हटलं, हाक मारते. म्हणाले, नको, तिची विचुंब्याची रिक्षा चुकेल. ती बाद करेल ते." चाचींनी पदर सारखा केला. "मग छताकडे बघत म्हणाले, करेल ना?"

"केलं, चाची," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मागे वळून आतल्या खोलीकडे बघितलं, कुणाला तरी निरोप दिल्यासारखं.

पुढच्या महिन्यापासून अभ्यासिका सहाला बंद होऊ लागली. मी दुकानातल्या गोदामात, कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केला. दोन विषय राहिले, ते दुसऱ्या खेपेला सुटले. मी पदवीधर झाले. पुढच्या निवडणुकीत दिनेश आला आणि वेळ पुन्हा नऊपर्यंत झाली, पण तोवर मला त्या खुर्चीची गरज उरली नव्हती. मोजणी कुणी करायची, असा प्रश्न त्या निवडणुकीआधीच्या सभेत निघाला तेव्हा मला वाटलं, दिनेश माझं नाव खोडून काढेल. तो उठला आणि म्हणाला, "मोजायला हीच पायजे. हिनं सरांना पन सोडलं नाय."

तेव्हापासून दर वर्षी मीच मोजते. प्रत्येक गठ्ठा दोनदा मोजते. दोन्ही वेळा आकडा सारखाच येतो, आणि दर वेळी मला थोडं एकटं वाटतं.