अकरावी सुई

सुईवाल्या मॅडमना आपलं दुखणं सांगायला तोंड उघडलं, की त्या आधी जीभ बाहेर काढायला लावायच्या. माझा डावा खांदा आखडला होता. मी वैतागून म्हणालो, "मॅडम, दुखतंय खांद्यात!" त्या चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "खांदा कुठे पळून चाललाय? जीभ दाखवा." मग मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघत बसल्या. किती वेळ! तेवढ्यात मी गाडी आडगावच्या पुढे काढली असती.

मी बसचा ड्रायव्हर. नाशिक-मालेगाव, वर्षानुवर्षं तोच रस्ता. गिअर डाव्या हाताने टाकायचा, आणि तोच हात छातीच्या वर जाईना. राहुड घाटात गिअर बदलताना डोळ्यांतून पाणी यायचं. तीन महिन्यांनी डेपोत डॉक्टरांची तपासणी होती. दोन्ही हात डोक्यावर सरळ गेले नाहीत तर स्टिअरिंग सुटणार आणि गाड्या धुवायच्या कामाला लागणार, हे ठरलेलं. सव्वीस वर्षं जी गाडी हाकली, ती आता धुवायची? जीव नुसता टांगणीला लागला होता. गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं. शेवटी माझ्या गाडीचा कंडक्टर बाळू मला ओढतच मॅडमच्या पंचवटीतल्या दवाखान्यात घेऊन गेला.

दवाखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि बाहेर एक लाकडी बाक. बाकावर कंबर धरून बसलेला लासलगावचा हमाल, नाहीतर मान अवघडलेला मालेगावचा यंत्रमागवाला. मॅडम सत्तरी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. सुया टोचून बरं करायची ही विद्या त्या तरुणपणी कलकत्त्यात एका चिनी वैद्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या.

पहिली सुई त्यांनी टोचली ती माझ्या नडगीला. मी जवळजवळ ओरडलोच, "अहो, खांदा वर आहे!" त्या शांत. "गाडीचा मागचा दिवा लागला नाही, तर तुम्ही नुसता दिवाच बघता का हो? वायर नाही बघत?" मग लगेच म्हणाल्या, "आता हात वर करा. आणखी. आणखी." हात चार बोटं जास्त वर गेला. माझ्या तोंडून 'आयला' निघून गेलं. जीभ चावून माफी मागितली, तर म्हणाल्या, "इथे शिव्या चालतात. थापा चालत नाहीत."

सुया काढून झाल्या की वाळलेल्या पाल्याची बोटभर जाड कांडी पेटवून त्या तिचा शेक खांद्याला द्यायच्या. तो धूर शर्टात मुरायचा. बायकोने एकदा शर्ट हुंगला आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "बिड्या ओढायला लागले का या वयात?" शपथा घेतल्या, पटेना. पुढच्या खेपेला शहानिशा करायला स्वतः आली आणि स्वतःचा गुडघा दाखवून गेली. त्यानंतर घरात दोघांचेही कपडे तसेच वास मारायचे.

पण मॅडमचा खरा हट्ट मोजण्याचा. सुई टोचताना पेशंटने मोठ्याने मोजायचं, काढतानाही मोजायचं. "टोचणं माझं, मोजणं तुमचं," असं त्या प्रत्येकाला बजावायच्या. माझ्या सुया अकरा. दहा अंगावर आणि एक टाळूवर, केसांत. एवढा बाप्या माणूस मी, पहिलीतल्या पोरासारखा एक, दोन, तीन करत पडून राहायचो. सुरुवातीला लाज वाटायची, नंतर त्याचीच गोडी लागली.

तपासणीच्या दिवशी माझ्यासाठी त्यांनी दवाखाना लवकर उघडला. त्या सुया काढत होत्या आणि बाळूचा फोनवर फोन, "डॉक्टर आले, लवकर ये!" मी शर्टाची बटणं लावत कसाबसा उभा. त्यांनी विचारलं, "किती झाल्या?" मी न मोजताच म्हणालो, "अकरा, अकरा!" आणि जिना उतरलो.

पास झालो. दोन्ही हात थेट डोक्यावर! आनंदात डेपोतल्या आरशासमोर भांग पाडायला गेलो आणि कंगवा अडला. टाळूवर सुई. ती हळूच उपटून कागदात गुंडाळली.

पेढे आणि सुई घेऊन धावत गेलो. बाक रिकामा होता, सगळ्यांना त्यांनी परत पाठवलं होतं. समोरच्या ट्रेमध्ये दहा सुया. मॅडमनी आधी विचारलं, "पास झालात?" मी मान हलवली. मग त्यांनी तळहात पुढे केला. मी सुई ठेवली आणि भडाभडा बोललो, चूक माझी, मीच थाप मारली.

"मारलीत, हे खरंच," त्या म्हणाल्या. "पण मी नुसतं ऐकलं, बघितलं नाही. पूर्वी पेशंटचं ऐकलं तरी स्वतः बघायचे. आता बास, सुया बंद."

मी चिडलो. "माझ्या थापेची शिक्षा त्या हमालाला कशाला?"

"उद्या त्याच्या बरगडीपाशी एखादी सुई राहिली तर?"

महिन्याभरात त्या दवाखाना बंद करून मुलीकडे पुण्याला गेल्या. सामान उतरवायला मीच होतो. तो लाकडी बाक मी डाव्या खांद्यावरून खाली आणला. त्यांनी नुसतं बघितलं, मला मात्र रडू आवरलं नाही.

पुढे एकदा चांदवडला चहासाठी गाडी थांबली होती. बाळूने घंटी मारली. "सगळे आले, चला." डावा हात गिअरवर गेला आणि तिथेच थांबला. मी उठलो, मागे वळून एकेक डोकं मोजलं. एक्केचाळीस पाहिजे होते, चाळीस भरले. नळापाशी एक आजी बाटली भरत उभ्या होत्या. "मला सोडून चालला व्हता का रं, बाबा?" म्हणत त्या चढल्या आणि मला राहवेना. गाडी चालू करण्याआधी मी तिथूनच पुण्याला फोन लावला, सगळं सांगितलं.

"आता किती झाले?" मॅडमनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"ऐकून की बघून?"

"बघून, मॅडम."

मग त्या म्हणाल्या, "टाका गिअर."