स्क्रू सोड, म्हणाले काका

काका नसते तर अमेरिकेतल्या ट्रॉय गावातली माझी नोकरी परवाच गेली असती. काका म्हणजे गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. आमच्या गॅरेजात रोज येतात, हात मागे बांधून बॉनेटपाशी उभे राहतात आणि इंजिनालाच विचारतात, "काय होतंय तुला?" मी दहावीआधीच शाळा सोडली हे ठाऊक असूनही पुढचा प्रश्न मला असतो, "तुला काय वाटतं रे?"

परवा एक जुनी, दांडगी, आठ सिलिंडरची व्ही-एट गाडी आली. पळायला वाघ, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरून बंद पडायची. गॅरेजच्या मालकानं बजावलं, "कस्टमर येईपर्यंत नीट चालली नाही, तर उद्या येऊ नकोस." घाबरून मी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रूच पिळत बसलो.

"अरे, स्क्रू सोड. ती कुठून तरी चोरून हवा ओढतेय." काका समोरच्या आपल्या घरी जाऊन कढीपत्त्यावर पाणी फवारायची बाटली घेऊन आले. "एकेका जॉइंटवर मार. आवाज बदलला की थांब."

"तुम्हीच मारा ना, काका."

"नोकरी तुझी आहे बाबा. मी रिटायर्ड!"

मी फवारत गेलो. कार्बोरेटरच्या बुडाशी पाणी पडलं, तिथली फट क्षणभर बुजली आणि इंजिनाची थरथर थांबली. तिथलं गॅस्केट, म्हणजे जोडातून हवा जाऊ न देणारी पातळ पट्टी, फाटलं होतं. ते बदलल्यावर गाडी उभ्या जागी एका लयीत गुरगुरू लागली. मालक म्हणाला, "उद्या लवकर ये."

काकांचे हे उपकार मी फेडणार आहे. एक दिवस अशीच जुनी गाडी दुरुस्त करून स्वतःसाठी उभी करीन, आणि पहिल्या फेरीला स्टिअरिंगवर काका असतील.