सरोजक्का विरजण विसरल्या

मंडळी, निवृत्त बाई कागद घेऊन बसली म्हणजे ती रिकामीच आहे, असं आमच्या राजाजीनगरात सगळे का धरून चालतात?

मी पहिली भयकादंबरी लिहितेय. साठच्या दशकातली बेंगळुरूची कॉन्व्हेंट शाळा. प्रार्थनेच्या रांगेत मुली एकतीस. सिस्टर मोजतात तेव्हा बत्तीस भरतात, आणि एकही चेहरा अनोळखी नसतो. तीन आठवडे मी याच पानावर अडकले होते, कारण दर वाक्याला दाराची बेल! हे वाचून कुणी घाबरेल, की नुसता हजेरीपट झालाय, तेही कळेना.

आज सकाळी अकराला वरच्या मजल्यावरच्या सरोजक्का आल्या. "स्वल्प विरजण दे गं."

मी धुसफुसत आत गेले. वाटी घेऊन येते तर मूळच्या बेळगावच्या या बाई माझं पान वाचत उभ्या!

"आणि ती बत्तिसावी कोण?"

"लिहू दिलंत तर कळेल!"

त्या हलेचनात. "मला वर सोडायला चल." भर दिवसा, एक मजला! जिन्यात मध्येच थांबून त्यांनी मागे पाहिलं. "आपण दोघीच आहोत ना गं?"

मंडळी, सत्तरीत मी दोन-दोन पायऱ्या उतरत घरी आले आणि एका बैठकीत चार पानं लिहिली!

विरजण टेबलावरच राहिलंय. सरोजक्का दुपारपासून तीनदा बेल वाजवून गेल्या, तिन्ही वेळा नवऱ्याला सोबत घेऊन. "कळली का बत्तिसावी?"

आता आपल्या पहिल्याच वाचकाला दाराबाहेर कसं ठेवायचं, सांगा बघू!