शनिवारचं लोखंड

समोरच्या फ्लॅटमधल्या जर्मन बाई शनिवारी गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाल्या, तेव्हा बोटातली काळी अंगठी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. पहिल्या महायुद्धात त्यांच्या आजीने लग्नातली सोन्याची अंगठी देशासाठी देऊन टाकली होती. मग आजोबांनी आघाडीवरून ही पाठवली, फुटलेल्या तोफगोळ्याच्या लोखंडाची, स्वतः घडवलेली. आजोबा मात्र परत आले नाहीत.

"सांभाळशील ना?"

"म्हणजे काय! हे काय विचारणं झालं?" मी म्हटलं, आणि अंगठी देव्हाऱ्यात ठेवली. शहाणीच मी.

बुधवारी त्यांचा मेसेज आला: डिस्चार्ज मिळाला, टॅक्सीत बसतेय. मी देव्हाऱ्यात हात घातला. अंगठी नव्हती.

"आई, इथली अंगठी कुठाय?"

"ती शनीची?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, शनिवारी कुणी लोखंड घरात आणतं का? तेही देवापुढे! म्हटलं, कुणाची साडेसाती आणि कुणाच्या मागे. बाहेर शू-रॅकवर ठेवली मी तेव्हाच."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

सफाईवाल्याने शू-रॅक लख्ख पुसलेला होता, वर काहीच नव्हतं. माझं डोकंच फिरलं. "घालवलीत तुम्ही!" मी ओरडले. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांच्यावर असा आवाज पहिल्यांदाच चढवला. लिफ्ट येईना, म्हणून जिन्याने धावत कचऱ्याच्या खोलीत गेले.

"गाडी तो रोज जाती है, मॅडम. खलास," वॉचमन म्हणाला.

तरी मी होत्या त्या पिशव्या उपसल्या. "अल बर्शा मेट्रो स्टेशनपर्यंत पोचले," असा बाईंचा दुसरा मेसेज आला. म्हणजे पाच मिनिटं. मला रडूच फुटलं.

वर आल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "कसली होती गं ती?" मी सगळं सांगितलं, आजीचं सोनं, आजोबांचं लोखंड. त्या उठून बेसिनपाशी गेल्या आणि साबण लावून स्वतःच्या बोटातली अंगठी ओढायला लागल्या. सासऱ्यांनी लग्नात घातलेली. चाळीस वर्षांत निघाली नव्हती.

बेल वाजली. बाई वॉकर धरून उभ्या होत्या. मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी भिंतीला हात टेकला, रिकाम्या बोटाकडे बघत राहिल्या. सासूबाई पुढे झाल्या आणि साबणाने बुळबुळीत झालेली सोन्याची अंगठी त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी सासूबाईंची मूठ मिटवली. "नको," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सोन्या-लोखंडाचा हा सौदा आमच्या घरात एकदा झालाय."

"काय म्हणतायत गं त्या?" सासूबाई मला विचारत होत्या. "सांग ना, काय म्हणतायत?"

मला सांगवेना.