शेजारच्या आजोबांच्या दोन फेरेट आणि माझं पिल्लू

नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, माझ्या शेजारच्या घरात एक आजोबा एकटे राहायचे. टीव्हीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, थोडे वाकलेले. आमच्या बागांमध्ये कमरेएवढं कुंपण होतं आणि त्या कुंपणावरूनच त्यांनी मला निम्मं डच शिकवलं. मी त्यांना 'ब्यूरमन' म्हणायचे, म्हणजे नुसतं 'शेजारी'. ते मला 'ब्यूरफ्राउ' म्हणायचे, शेजारीण. मनात मात्र ते माझे आजोबाच होते. त्यांची एकुलती एक मुलगी न्यूझीलंडला होती, माझी आई कोल्हापूरला, आणि त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे दोन्हीकडची विमानं बंद होती.

त्यांच्या स्वयंपाकघरात कपाटाएवढा पिंजरा होता आणि त्यात दोन फेरेट. लांबुडक्या, मऊ, आपल्या मुंगसाच्या चुलत बहिणी शोभतील अशा. थोरली गडद तपकिरी, तिला आम्ही काळी म्हणायचो. धाकटी पांढरी. आजोबा दिवसभर त्यांना घरात मोकळं सोडायचे. त्यांच्या स्वेटरच्या बाहीतून एक शिरायची आणि गळ्यापाशी तोंड काढायची. मी आईला व्हिडिओवर दाखवल्या तर ती म्हणाली, "अगं, मुंगसं कसली पाळतात माणसं! आम्ही लहानपणी त्यांना रामाची शपथ घालायचो तोंड दाखवायला, आणि या बघ, आपणहून बघतायत."

साथीच्या पहिल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आजोबांना ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर बसूनच त्यांनी मला हात केला, घराची किल्ली कुंपणाच्या खांबावर ठेवलेली दाखवली आणि मास्कमधून ओरडले, "खाणं निळ्या डब्यात आहे. आणि मास्क लावून जा, त्यांना आपल्याकडून लागण होते!" मला ते खरं वाटलं नव्हतं, पण प्राण्यांच्या डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं. मी तीन आठवडे मास्क आणि हातमोजे घालून दिवसातून तीनदा त्या घरात जात होते. दोघी पिंजऱ्याच्या दारापाशी येऊन माझ्या मागे बघायच्या. मागून कोणी येत नाही असं दिसलं की परत पिंजऱ्यात टांगलेल्या आपल्या झोळीत जाऊन पडायच्या.

आजोबा वाचले. पण फुफ्फुसं इतकी दमली होती की तीन आठवड्यांनी त्यांना घरी न सोडता एका शुश्रूषागृहात हलवलं. पिंजरा मी माझ्या वरच्या खोलीत आणला. आणि तेव्हाच माझी पंचाईत झाली. मी उन्हाळ्यातच एका शेतकऱ्याकडे कुत्र्याचं पिल्लू सांगून ठेवलं होतं. दिवसभर घरी एकटीने लॅपटॉपसमोर बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती, म्हणून. ते पिल्लू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार होतं, आणि त्याची आई टेरियर होती.

मी आजोबांना फोन केला. "मी शेतकऱ्याला कळवते, पिल्लू नको म्हणून," म्हटलं. "तुमच्या मुली आधी."

ते बराच वेळ श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "टेरियर म्हणजे उंदरं मारणारी जात. आण तरी. तुला कोणीतरी हवं आहे घरात. कसं करायचं ते मी सांगतो. फक्त माझं ऐकायचं."

मी ऐकलं. पहिला आठवडा पिल्लाने आणि फेरेटनी एकमेकांना बघायचंसुद्धा नाही. फेरेटच्या झोळीतलं फडकं पिल्लाच्या ताटलीखाली, पिल्लाची चादर पिंजऱ्यात. जेवताना समोरच्याचा वास आला पाहिजे, म्हणजे तो वास चांगल्या गोष्टीचा होतो, असं आजोबा म्हणायचे. दुसऱ्या आठवड्यात पिल्लू दोरीला बांधून खोलीच्या दारात. त्याने पिंजऱ्याकडे बघितलं आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं की चिकनचा तुकडा. भुंकलं की बाहेर. तिसऱ्या आठवड्यात, लांब फिरवून दमवलेलं पिल्लू पायाशी, दोरी माझ्या पायाखाली, आणि मांडीवर काळी. तीही पाचच मिनिटं. काळी म्हातारी होती, शहाणी होती. पिल्लाने नाक पुढे केलं की ती फिस्स करायची आणि पिल्लू मागे सरकायचं.

"आता पांढरी आणू?" मी दर दोन दिवसांनी विचारायचे.

"नाही. पांढरी शेवटी. ती नाचते."

ती खरंच नाचायची. आनंद झाला की पाठीची कमान करून, चारी पायांवर आडव्या उड्या मारत, तोंडाने कुकुक् कुकुक् आवाज करत सगळ्या खोलीभर. मला त्यात मौज वाटायची. आजोबा म्हणायचे, "आपल्याला तो नाच दिसतो. टेरियरला पळणारा उंदीर दिसतो. तीन महिने थांब. पिल्लाला 'थांब' म्हटल्यावर थांबायला शिकव आधी."

नाताळानंतर शुश्रूषागृहात लागण झाली आणि भेटी बंद झाल्या. आधी मी आठवड्यातून एकदा मास्क लावून जाऊन यायचे, आता नुसता व्हिडिओ कॉल. नर्स फोन धरायची. आजोबांचा चेहरा दर वेळी लहान झालेला दिसायचा. एकदा ते झोपले असताना नर्सने मला हळूच सांगितलं की ते जेवत नाहीत फारसे. "रोज सगळ्यांना सांगतात, माझ्या मुलींना भाऊ मिळाला आहे म्हणून. तुमच्याकडे तिघांचा एकत्र व्हिडिओ आहे का? दाखवला तर बरं वाटेल त्यांना."

आजोबांनी स्वतः कधी मागितला नव्हता. मी विचारलं असतं तर त्यांनीच मला थांबायला सांगितलं असतं. पण माझ्या डोक्यात ते बसलं की आता वेळ कमी आहे. माझे बाबा कोल्हापूरला शेवटचे आजारी असताना 'पुढच्या महिन्यात येते' म्हणत मी उशीर केला होता, आणि मी पोचायच्या आत ते गेले होते. या वेळी तरी उशीर करायचा नाही, असं मी ठरवलं. आता वाटतं, मी त्या दिवशी आजोबांचा विचार करतच नव्हते.

जानेवारीतला रविवार होता, दुपार. पिल्लू दोन तास फिरून आलं होतं. मी फोन पुस्तकांच्या फळीवर टेकवून चालू केला, काळीला गालिच्यावर ठेवलं आणि मग पांढरीला. पहिली दोन मिनिटं इतकी सुंदर गेली की मला रडू आलं. पिल्लू पोटावर पसरून पडलेलं, काळी त्याच्या शेपटीचा वास घेतेय, पांढरी माझ्या पायापाशी. फोनच्या पडद्यावर बघितलं तर पिल्लाच्या गळ्यापासून माझ्या हातापर्यंत ती लाल दोरी चित्राच्या मधोमध दिसत होती. बरी दिसत नव्हती. मी वाकले आणि दोरीचा हूक काढला.

पांढरी नाचायला लागली.

पुढचं एका क्षणात झालं. पिल्लाने झेप घेतली, तिला मधोमध धरलं आणि एकदाच झटकलं. मी ओरडल्याबरोबर त्याने तोंड उघडून तिला सोडलंसुद्धा, आणि शेपूट हलवत माझ्याकडे बघितलं. चिकनचा तुकडा मिळेल म्हणून बघितलं असावं. पांढरी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत कपाटाखाली जायला बघत होती. मागचे पाय चालत नव्हते.

रविवारी उघडा असलेला दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. साथीमुळे माणसांना आत घेत नव्हते. दारात टोपली ठेवायची, बेल वाजवायची आणि गाडीतळावर जाऊन उभं राहायचं. डॉक्टर फोन करणार. भुरभुर पावसात मी एका सायकल स्टँडशेजारी उभी राहिले. माझ्यासारखी आणखी दोन माणसं अंतर ठेवून उभी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. वीस मिनिटांनी फोन आला. पाठीचा कणा मोडला होता. तिला त्रास होतोय, थांबण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेवटच्या वेळेला एका माणसाला आत घेतो आम्ही. येणार का?"

मी गेले. औषध देऊन तिला शांत केलेलं होतं. ती माझ्या जाकिटाच्या बाहीत तोंड घालत होती. बाहीत ऊब असते हे तिला आजोबांनी शिकवलं होतं. मी बाही सैल करून धरली. ती तशीच गेली.

आणि मग मी खोटं बोलले. तीन आठवडे. "पांढरी झोपली आहे," म्हणायचे. "आत्ताच खाल्लं तिने." जुने व्हिडिओ पाठवायचे. आजोबा हसायचे आणि मी कॉल संपल्यावर पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावून घ्यायचे. त्याचा काही दोष नव्हता, तरी मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ते दारापलीकडे बसून कुईं कुईं करायचं. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांना सांग. म्हाताऱ्या माणसाला फसवू नये. त्यांच्या हातात दुसरं काही नसतं, निदान खरं तरी असू दे."

भेटी परत सुरू झाल्या त्या आठवड्यात मी गेले. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, नाकाला नळी. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, उभ्याउभ्या.

त्यांनी नाकाची नळी सरळ केली. मग हात पुढे केला. "व्हिडिओ घेत होतीस म्हणालीस. आहे?"

"बघू नका, ब्यूरमन."

"दे."

मी तो पुसला नव्हता. पुसण्याइतकीही हिंमत झाली नव्हती. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत बघितला. माझी किंकाळी त्या छोट्या खोलीत पुन्हा ऐकू आली.

"कुत्र्याची चूक नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"दोरी का काढलीस?"

"चित्रात बरी दिसत नव्हती."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. "आता जा तू," म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांचा फोन नाही, आणि मी करायला धजावले नाही. पण काळीने खाणं सोडलं. आधी थोडं थोडं कमी, मग दोन दिवस काहीच नाही. झोळीत पडून राहायची, डोळे उघडे ठेवून. दवाखान्यात म्हणाले, तब्येत ठीक आहे, एकटी पडली आहे, भरवत राहा. मी भीत भीत आजोबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काळी खात नाही," मी म्हटलं.

"कोंबडीचं पाणी कर. मीठ नको. कोमट. बोटाला लावून ओठांवर," ते लगेच बोलायला लागले, मध्ये मध्ये श्वासाला थांबत. "आणि पांढरीचं फडकं तिच्या अंगाखाली ठेव."

ते फडकं मी त्याच रविवारी धुऊन टाकलं होतं. तसं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग तुझा एखादा जुना टीशर्ट ठेव."

त्या दिवसापासून रोज फोन सुरू झाला. किती चमचे गेले, किती वजन भरलं, एवढंच बोलणं. पांढरीचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. आठ-दहा दिवसांनी काळी बोट चाटायला लागली, मग वाटीतलं प्यायला लागली. मग आजोबांनीच विचारलं, "पिल्लू कसं आहे?" मी म्हटलं, खालीच ठेवते त्याला. तर म्हणाले, "दोघंही एकेकटी ठेवून काय मिळणार? पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. वासापासून."

मी सुरू केलं. पण त्यांना त्यातलं फारसं काही बघायला मिळालं नाही. मार्चमध्ये एका पहाटे ते झोपेतच गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना भेटले होते, ते बहुतेक झोपलेलेच होते. अंत्यविधीला आम्ही नऊ जण होतो, खुर्च्या लांब लांब. समोर तिपाईवर कॅमेरा होता आणि त्यातून न्यूझीलंडहून मुलगी बघत होती.

कुत्र्याने आणि काळीने जमवून घेतलं. पाच महिने लागले. ऑगस्टमध्ये कधीतरी ती त्याच्या पोटाशी जाऊन झोपली. तो डोळे मिटूनही इतका स्तब्ध पडून राहिला की मला त्याचा श्वास तपासावासा वाटला. तरीही त्यांना एकत्र ठेवून मी कधी खोलीबाहेर गेले नाही, की कधी पाठ फिरवली नाही. काळी पुढच्या वसंतात वयाने गेली.

त्यानंतरच्या शरदात सीमा उघडल्यावर आजोबांची मुलगी आली. शेजारच्या घरात तेव्हा दुसरी माणसं राहत होती. ती माझ्या स्वयंपाकघरात कॉफी घेत बसली. उंच, वडिलांसारखीच थोडी वाकलेली. मी तिला सगळं सांगितलं, दोरीसकट, तीन आठवड्यांच्या खोट्यासकट.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं फोनवर. आधी खूप चिडले होते. मग एकदा म्हणाले, शेजारणीने माझ्यासाठी एक मूर्खपणा केला. माझ्यासाठी मूर्खपणा करणारं कोणी उरलंय असं मला वाटलं नव्हतं."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी उठून तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. तिने पिशवीतून आजोबांचे काही फोटो काढले आणि आम्ही ते एकेक करून बघत बसलो. बहुतेक फोटोंत ते तरुण होते, मी न पाहिलेले.