नळदुर्गाला गेलेली गौरी

घरात टीव्ही असला आणि शेजार बोलका असला की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्या घरात तर वर बास्केटबॉल शिरला. आता कुणी चहाला आलं आणि एक किस्सा काढला, की तो संपायच्या आत दुसरा दारात उभा!

तर आटपाट अणदूर होतं. तिथं एक पिठाची गिरणी होती. गिरणीवाला महादेव, माझा लेक. सुनंदा त्याची बायको. त्यांची लेक गौरी, ती भारताच्या टीममध्ये खेळते. शेजारी शिवम्मा, माहेर कर्नाटकातलं, आणि आमच्या घरातलं तिला आमच्याआधी कळतं. आणि एक म्हातारी, ती मी. मला वाचता येत नाही, पण मॅच बघायला कुठं वाचावं लागतं!

*

गौरी शाळेत असताना तिचा खेळ बघायला मी तुळजापूरला गेले. खांबावर लोखंडी कडं, त्याला जाळी. पोरी पळत जाऊन त्यात चेंडू टाकायच्या, चेंडू खाली पडायचा, उचलून पुन्हा टाकायच्या. घामानं निथळत होत्या बिचाऱ्या. मला राहवलं नाही. त्यांच्या सरांना म्हणाले, "सर, तुमच्या दुरडीला बूड न्हाय. शिवून तरी घ्या. पोरी दमल्या की वो."

सर शांतपणे म्हणाले, "आजी, बूड शिवलं तर माझी नोकरी जाईल."

*

गौरी दहावीला जाईस्तोवर तिचं डोकं चौकटीला लागायला लागलं. शिवम्मा रोज तोंडावर हात ठेवायची. "अय्यो, एष्टु उद्द!" म्हणजे किती लांब! जणू पोरगी नाही, लुगडंच. एकदा म्हणाली, "हिला नवरा बघायला शिडी लागंल."

गौरी भाकरी खात होती. मान वर न करता म्हणाली, "काकू, शिडी त्याला लागंल."

मला मात्र त्या उंचीचा लई उपयोग. लोणच्याच्या बरण्या वरच्या फळीवर, आणि माझा हात पोचत नाही. एकदा तिनं एका हातानं बरणी ओढली आणि सगळा खार जमिनीवर! मांजर त्यावरून घसरत परसात गेलं ते दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हा मी तिला सांगितलं, "दोन्ही हातांनी घ्यायची, लगेच पोटाशी धरायची. मग कुणी का हाक मारंना, सोडायची न्हाय." त्यानंतर आमच्या घरात बरणी फुटली नाही.

*

भारताच्या टीममध्ये निवड झाली, आणि आशियातल्या मोठ्या स्पर्धेला परदेशात जायचं ठरलं. सुनंदानं शेंगाची चटणी कुटून डबा भरून दिला. आठ दिवस पुरवून खा म्हणून बजावलं.

तिसऱ्या दिवशी गौरीचा फोन. शेजारी टीमची कॅप्टन होती, केरळची पोरगी, तिला माझ्याशी बोलायचं होतं. मला मल्याळम येत नाही, तिला मराठी. पण गौरीनं तिला एक शब्द शिकवला होता. ती फोनवर लई प्रेमानं म्हणाली, "आजी, अजून."

डबा संपला होता.

*

पहिली मॅच. महादेवानं गिरणी बंद ठेवली. निम्मी गल्ली आमच्या घरात. भारताच्या पोरी पळतायत, आणि आमची गौरी जॅकेट घालून कडेला खुर्चीवर. पहिला भाग संपला, दुसरा संपला, ही खुर्चीवरच. शिवम्मानं विचारलं, "ही पाव्हणी म्हणून गेलीया का?"

कुणी हसलं नाही. भारत लई मोठ्या फरकानं हरला.

संध्याकाळी गौरीनं फोनवर खरं ते सांगितलं. बारा जणींत ती बारावी. या स्पर्धेत खेळून दाखवलं नाही, तर पुढच्या कॅम्पला तिला बोलावणार नाहीत. बापाला सांगू नको म्हणाली. मी नाही सांगितलं. पण फोन स्पीकरवर होता.

*

दुसऱ्या मॅचला तिला उतरवलं. सुनंदानं देवापुढं दिवा लावला, तो नीट पेटायच्या आत गौरीच्या हातातून चेंडू सुटला, मग एका पोरीला तिचा धक्का लागला, शिट्टी वाजली आणि कोच मॅडमनी तिला परत बोलावलं. सुनंदा पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आत्या, काढली वो पोरीला."

मला राग आला. आमचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गाला असतो, बाकी अणदूरला. पालखीत बसून जातो, पालखीत बसून येतो. दोन गावांचं ठरलेलंच आहे तसं. तो निघतो तेव्हा देवाला काढला, असं कुणी म्हणतं का?

"काढली म्हणू नको," मी म्हणाले. "नळदुर्गाला गेलीया. येईल."

झालं! तेव्हापासून आमच्या घरात खुर्चीचं नाव नळदुर्ग पडलं. ती मॅचही थोडक्यात गेली. रात्री गौरीला हे सांगितलं, तर आधी खळखळून हसली. मग म्हणाली, "आजी, परत एकदा सांग की."

*

गौरीनं ते टीममध्ये सांगितलं. आता पंजाबची पोरगी म्हणायची, मी नळदुर्गाला चालले. केरळची म्हणायची, नळदुर्गात पाणी दे. तिसऱ्या मॅचला तर सगळ्याजणी आळीपाळीनं नळदुर्गाला जाऊन आल्या, आणि भारत जिंकला. गौरीला थोडंच खेळायला मिळालं, पण पोरी खूश.

त्यांच्या कोच मॅडम हरियाणाच्या, कडक बाई. त्यांच्या कानावर सारखा तोच शब्द. चौथ्या मॅचच्या आधी सगळ्यांना उभं करून विचारलं, "ये नलदुर्ग किस टीम में है? उसे रोकेगा कौन?"

*

ती चौथी मॅच शेवटची. हरलो तर भारत खालच्या गटात जाणार. गौरीचं काय होणार ते तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महादेव उभ्यानंच बघत होता. बस म्हटलं तर म्हणाला, "आई, मी बसलो की ती बी बसती."

शेवटाला भारत एका पॉइंटनं पुढं. तेवढ्यात केरळच्या कॅप्टनला पाचवा फाउल लागला. पाच झाले की बाहेर, परत येता येत नाही. बघायला माणसं थोडी, म्हणून मैदानातला आवाज स्वच्छ येत होता. मॅडम खुर्च्यांकडं वळल्या, गौरीचं नाव आठवेना, पण पोरींनी सांगितलेला तिचा शब्द आठवला, आणि ओरडल्या, "नलदुर्ग! उठो!"

गौरी जॅकेट काढून आत गेली.

समोरच्या पोरीनं चेंडू टाकला. तो कड्यावर आपटून वर उडाला. चार-पाच हात वर गेले, त्यांच्या वर आमच्या गौरीचे दोन. तिनं चेंडू घेतला, आणि दोघी तिच्यावर तुटून पडल्या. मी पार टीव्हीला जाऊन भिडले. "पोटाशी धर! बरणी हाय, बरणी!"

तिनं पोटाशी धरला. त्या ओढतायत, ही सोडत नाही. मॅच संपल्याचा भोंगा वाजला तरी सोडेना. शेवटी तिच्याच टीमच्या पोरींनी तिला चेंडूसकट उचलली. महादेव तेव्हा कुठं खाली बसला.

*

त्या रात्री गौरीनं फोन केला. पुढच्या कॅम्पचं बोलावणं तिला मॅडमनी तिथंच सांगितलं होतं. सुनंदा रडत होती, शिवम्मा माझ्या घरातली साखर माझ्याच घरात वाटत होती. मग गौरी म्हणाली, मॅडमना आजीशी बोलायचंय.

मी पदर सावरला. फोनवर पदर दिसत नाही, पण सावरला.

मॅडम म्हणाल्या, "अम्मा, अब आपकी गौरी शुरू से खेलेगी. उसे नलदुर्ग नहीं भेजूँगी."

"नै मॅडम," मी म्हणाले, "थोडा भेजना. हमारा देव बी जाता."